डीजेच्या वहीची दुसरी प्रत

डीजेचा लॅपटॉप बसला की लोक म्हणतात, "गाणीच गेली ना? परत डाऊनलोड कर की." जांबोटी-कणकुंबीकडे लग्नसराईत हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय. ते चुकीचं आहे, आणि वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

गाणं एका फाइलमध्ये असतं, ते परत मिळतं. पण वरातीच्या गाण्यात ढोल नेमका कितव्या सेकंदाला सुरू होतो, लांबलचक सुरुवात सोडून कुठून पकडायचं, त्याची गती मिनिटाला किती ठोक्यांची, त्याच्यानंतर कुठलं गाणं चालतं, ही माहिती माणसाने कान लावून, एकेक खूण करून भरलेली असते. त्या खुणांना क्यू पॉइंट म्हणतात. आमच्या सीमेवरच्या डीजेकडे तर एका शनिवारी हळद, मराठी आणि कन्नड दोन्ही पाहुणे. पुढच्या शनिवारी खानापुरात कॅथलिक रिसेप्शन, म्हणजे वॉल्ट्झ आणि कोकणी मसाला. दोन्हींच्या याद्या वेगळ्या. या याद्या कुठल्याही वेबसाइटवर विकत मिळत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका डीजेने मे महिन्यात लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानात नवीन विंडोज टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला. गाणी डी ड्राइव्हवर होती, सगळी सुखरूप. पण तो रेकॉर्डबॉक्स वापरतो, आणि त्याचा डेटाबेस सहसा सी ड्राइव्हवरच असतो. चार वर्षांच्या खुणा आणि याद्या गेल्या. पेनड्राइव्हवर कॉपी होती ना? होती, गाण्यांची. पुढच्या वरातीत दोनदा गाणं मध्येच तुटलं आणि त्या घरातली दुसरी सुपारी दुसऱ्या कुणाला गेली.

डीजेबद्दल आपल्याकडे एकच चर्चा होते, आवाजाची. रात्री दहानंतर बंद हा नियम मला मान्य आहे, आमच्या घरीही आजी आहे. पण आवाज जास्त म्हणून त्यामागचं काम हलकं ठरत नाही. व्हर्च्युअल डीजेची डेटाबेस फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक गाण्याची एक नोंद: ते पहिल्यांदा कधी आलं, किती वेळा वाजलं, कुठल्या सेकंदाला खूण आहे. एका गावाची लग्नं कशावर नाचली याचं असं टिपण दुसरं कोण ठेवतंय? आपण जुन्या कवींच्या समासातल्या नोंदी अभ्यासतो, मग ही फाइल वाङ्मयाबाहेरची कशी?

मोठ्यांकडूनही असं जातं. मायस्पेस या साइटने सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या काळात लोकांनी टाकलेलं संगीत गमावलं, हे 2019 मध्ये जगाला कळलं. "ऑनलाइन आहे ना" एवढ्यावर भागत नाही.

उपाय मला चर्चमध्ये दिसतो. ट्रेंट परिषदेने 1563 मध्ये विवाहाची नोंदवही प्रत्येक पॅरिशला सक्तीची केली. आजही लग्न ज्या पॅरिशमध्ये लागतं तिथे नोंद होतेच, शिवाय वधू-वरांचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या पॅरिशलाही कळवतात आणि तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत ती चढते. एक वही वाळवीने खाल्ली तरी दुसऱ्या गावात खूण उरते. नोंद दोन ठिकाणी, दोन छपरांखाली. डीजेला एवढंच करायचं आहे.

म्हणजे कॉपी गाण्यांबरोबर डेटाबेसचीही. रेकॉर्डबॉक्समध्ये लायब्ररीचा बॅकअप घेण्याची सोय मेनूतच आहे. सेराटोमध्ये क्यूच्या खुणा गाण्याच्या फाइलमध्येच लिहिल्या जातात, पण याद्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असतात, तो फोल्डर उचलावा लागतो. व्हर्च्युअल डीजेचं आणखी वेगळं: बाहेरच्या हार्डडिस्कवरच्या गाण्यांचा डेटाबेस त्याच डिस्कवर असतो, म्हणून नुसता लॅपटॉपमधला फोल्डर घेऊन भागत नाही. आणि लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी, सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी हे करायचं, नंतर नाही.

आमच्याकडे आणखी एक घोळ होतो, तो स्पेलिंगचा. एकच गाणं रोमन लिपीत मराठी माणूस एक लिहितो, कन्नड माणूस दुसरं. मग कुणीतरी हुशार भाऊ बसून विंडोजमध्ये सगळी नावं 'नीट' करतो. सॉफ्टवेअर जुन्या नावाने, जुन्या जागी शोधतं आणि गाणं हरवलं म्हणून दाखवतं. फाइल तिथेच असते! ती परत जोडून देता येते, पण हजार गाणी असली की रात्र जाते. फोल्डरही असेच हलवू नयेत. आणि पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. लायब्ररी लिहिली जात असतानाच डिस्कची वायर सुटली किंवा मशीन बंद पडलं तर डेटाबेस खराब होऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली ठेवून जनरेटरवर विसंबणं मला तरी पटत नाही.

त्या डीजेने आता दर सोमवारी बॅकअप घ्यायला सुरुवात केलीय. पेनड्राइव्हवर पट्टी चिकटवून मार्करने तारीखसुद्धा घालतो. पेनड्राइव्ह ठेवतो मात्र लॅपटॉपच्याच बॅगेत. मावशीच्या घरी ठेव म्हणून मी दोनदा सांगितलंय.