शहाणा पहारेकरी, जुना हुकूम

इस्त्री, गीझर आणि मिक्सर एकाच वेळी चालू केले, की कधी कधी 'खट्' असा आवाज होतो आणि घर गप्प! आई म्हणते, "एमसीबी पडला वाटतं."

वीजकेंद्रात हेच काम दोघांत वाटून दिलेलं असतं. रिले हा पहारेकरी. तो तारेतल्या विजेवर नजर ठेवतो. सर्किट ब्रेकर म्हणजे दणकट दरवाजा. रिलेचा हुकूम आला, की तो क्षणार्धात वाट तोडतो. हा हुकूम पोचतो बॅटरीच्या विजेवर. का बरं? अहो, संकटात केंद्राचीच वीज गेली तर हुकूम न्यायचा कोणी?

ब्रेकर विनाकारण पडला, की इंजिनीअर मंडळी ड्रॉइंग पसरून बसतात. बॅटरीचा दाब बरोबर आहे का? कुठे स्क्रू ढिला आहे का? कॉन्टॅक्टवर काजळी धरली का? कॉइल जळाली का? एकेक तार तपासत जायचं. पुष्कळदा चोर म्हणजे एखादा ढिला स्क्रूच निघतो! पण एकदा चोर सापडायला तब्बल सहा दिवस लागले.

कॅनडात नायगारा धबधब्याजवळ सर ॲडम बेक वीजकेंद्र आहे. तिथून टोरांटोकडे 2 लाख 30 हजार व्होल्टच्या 5 लाइनी जात. 9 नोव्हेंबर 1965. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ. 5 वाजून 16 मिनिटांनी त्यातली एक लाइन पडली. आता असं समजा, पाच हमाल प्रत्येकी 40 किलो ओझं नेत आहेत. एक बसला, तर उरलेल्या चौघांवर 50-50 किलो येणार. इथंही तसंच झालं. तीन सेकंदांच्या आत उरलेल्या चारही लाइनी पटापट पडल्या.

टोरांटोकडे निघालेली ती प्रचंड वीज मग उलटी अमेरिकेच्या बाजूला उसळली. तिकडचे रिले खटाखट चालले, जनित्रांची लय बिघडली आणि दहा-बारा मिनिटांत न्यूयॉर्क अंधारात बुडालं. सुमारे 3 कोटी लोकांची वीज गेली, काही ठिकाणी 13 तास! न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लाखो माणसं अडकली. नशीब एवढंच, की आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र होता.

मग शोध सुरू झाला. ना वीज कोसळली होती, ना तार तुटली होती. शेवटी माग लागला तो नायगाऱ्याच्या त्या एका रिलेपर्यंत. आणि गंमत म्हणजे, तो बिघडलेलाच नव्हता! 1963 साली त्याला सांगून ठेवलं होतं, 'सुमारे 375 मेगावॉटच्या वर गेलं की तोड.' लाइन तर याहून कितीतरी जास्त वीज पेलू शकत होती. पण तेव्हा भारच कमी असे, त्यामुळे आकडा कुणाला खटकला नाही. दोन वर्षांत विजेची मागणी वाढली, आकडा मात्र तिथंच राहिला. आणि नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांना तो ठाऊकही नव्हता! त्या संध्याकाळी भार जरासा हेलकावला, आकड्याच्या पलीकडे गेला, आणि रिलेनं इमानदारीत हुकूम पाळला. मला तर त्या रिलेची दयाच येते.

तुमच्या घरातल्या एमसीबीवरही असाच एक आकडा असतो, 16 किंवा 32. हात न लावता वाचा हं! तो बसवला तेव्हा घरात गीझर होता का, हे आईबाबांना विचारा. आणि पालकहो, एमसीबी सारखा पडतो म्हणून नुसता मोठ्या आकड्याचा आणून लावू नका. भिंतीतली वायर तेवढा भार पेलेल का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या.