दमेकऱ्याच्या हातावर सुई टोचण्याआधी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

अ‍ॅलर्जी तपासणीच्या मोफत शिबिरांबद्दल पाबळहून दिलेल्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

मंगल कार्यालयात भरलेल्या शिबिरात माझ्या चुलतीच्या हातावर पेनाने आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशेजारी थेंब टाकून सुई टोचली. तिला दम्याचा पंप आहे. सकाळपासून छाती वाजत होती. स्टेथोस्कोप कोणी लावला नाही, फुंकायचे मशीन नव्हतेच. हातावर गांधी उठल्या आणि पाठोपाठ धाप लागली. टेबलावर अ‍ॅव्हिल होते, डेक्सा होते, जीव वाचवणारे अ‍ॅड्रेनालिन नव्हते. चुलती वाचली, ती नशिबाने.

गाजर गवताने वेढलेल्या आमच्या गावांना ही चाचणी हवीच आहे. नीट केली तर ती सुरक्षितही आहे. पण दमा आटोक्यात नसताना ती करायची नसते. फुंकण्याच्या तपासणीत पहिल्या सेकंदाचा श्वास अपेक्षेच्या 70 टक्क्यांखाली असेल, तर थांबायचे असते. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर अ‍ॅड्रेनालिनही नीट लागू पडत नाही. हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. अमेरिकेत 1945 ते 1984 या काळात त्वचा-चाचण्यांनी 6 जण दगावल्याची नोंद आहे. 1990 ते 2001 मध्ये एक बाई गेली: दमा होता, आणि 90 खाद्यपदार्थांच्या चाचण्या केल्या होत्या. ब्रिटनने 1986 मध्ये अ‍ॅलर्जीच्या लसींनी झालेले 26 मृत्यू मोजले, त्यांत दमेकरीच जास्त. त्यानंतर तिथे नियम कडक झाले.

आपल्याकडे? 1949 चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्या दवाखान्यांना लागू. दवाखान्यांच्या नोंदणीचा 2010 चा केंद्राचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. मग मंगल कार्यालयातल्या टेबलाला कोण जाब विचारणार? तुमच्या खात्याने डोळ्यांवर कातडे ओढले आहे, असे मी म्हणतो. पाबळहून शिक्रापूरचा दवाखाना गाठेपर्यंत घशाला आलेली सूज थांबत नाही.

आदेश एका पानाचा पुरे. दमेकऱ्याची आधी फुंकण्याची तपासणी, चालू औषधांची चौकशी, मांडीत द्यायचे अ‍ॅड्रेनालिन आणि ऑक्सिजन हाताशी, चाचणीनंतर अर्धा तास देखरेख. हे नसेल तिथे शिबिराला परवानगी देऊ नका. पुढचे शिबिर भरण्याआधी हा आदेश काढा.

पाबळ, ता. शिरूर