लिंट: तडजोडीचा सिद्धान्त कसा झाला?

१/ ‘कंपायलरने भाषांतर करावे, चुका लिंटरने शोधाव्यात.’ ही विभागणी नवशिक्या प्रोग्रामरांना निसर्गनियमासारखी सांगितली जाते. इतिहास वेगळे सांगतो: ती १९७० च्या दशकातील एक तडजोड होती. (थ्रेड)

२/ स्थळ: अमेरिकेतील बेल लॅब्ज. डेनिस रिची यांची सी भाषा पीडीपी-११ या यंत्रावर घडली. त्याचे पत्ते १६ बिटांचे, म्हणजे एका वेळी आवाका ६४ किलोबाइटांचा. कंपायलर लहान आणि वेगवान ठेवणे भाग होते. शिवाय प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होई. एका फाइलीतील फंक्शनला दुसरीतून चुकीच्या प्रकारचे मूल्य दिले, तरी कंपायलरला ते कळत नसे.

३/ ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी आपल्याच पोर्टेबल सी कंपायलरवरून ‘लिंट’ रचले. लिंट म्हणजे कपड्यावरचा तूस. सर्व फाइली एकत्र वाचून ते संशयास्पद जागा दाखवी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ते सर्वदूर गेले.

४/ पण सीमारेषा तेथे थांबली नाही. १९८९ च्या सी मानकाने सी++ कडून फंक्शन प्रोटोटाइप घेतले आणि लिंटची एक मोठी जबाबदारी कंपायलरकडे आली. जी रेषा सरकते, तिला सिद्धान्त कसे म्हणावे?

५/ या तडजोडीची किंमत फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसली. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली. पुढची स्वाक्षरी-पडताळणी कधी चाललीच नाही. तोतया सर्व्हरला खरा म्हणून वावरण्याची वाट मोकळी झाली. अगम्य कोडविषयीची सूचना क्लँग कंपायलरमध्ये होती, पण ‘सर्व सूचना’ म्हणवणाऱ्या पर्यायातही ती समाविष्ट नव्हती!

६/ १९९६ च्या जावामध्ये मात्र जेथे नियंत्रण पोहोचूच शकत नाही असे विधान ही थेट त्रुटी होती. अशी चूक तेथे कंपाइलच झाली नसती. उपाय अठरा वर्षे जुना होता. सी मात्र सूचनेवर विसंबून राहिली.

७/ प्रतिवाद असा की कंपायलर कडक केला तर निर्दोष कोडही अडेल. शैली, नावे, निव्वळ संशय यांबाबत तो रास्त आहे. ते क्षेत्र लिंटरचेच. परंतु भाषेला जी चूक निःसंदिग्धपणे ओळखता येते, ती सूचनेवर सोडणे म्हणजे पहारेकऱ्याला ऐच्छिक ठरवणे होय.

८/ जॉन्सन यांनी यंत्राच्या मर्यादेवर उत्तर शोधले. मर्यादा सरली, तिची सबब मात्र अजून चालवली जात आहे.