सरकपट्टीचा हिशेब
चित्रांच्या सॉफ्टवेअरमधला स्लायडर सोपा दिसतो, पण हिशेब मांडला की त्याची गोम कळते. ब्रशचा आकार १ ते १०,००० आणि पट्टी २०० पिक्सेल रुंद असेल, तर माऊस एक पिक्सेल हलताच आकार ५० ने उडी मारणार. २ चा ३ करणे तिथे अशक्यच; ५,००० चे ५,०५० झाले तर मात्र कुणाला पत्ताही लागत नाही. डोळ्याला फरक जाणवतो तो प्रमाणात, म्हणून लहान आकड्यांना पट्टीवर ऐसपैस जागा हवी, मोठ्यांनी दाटीवाटीने बसावे. अशा पट्टीच्या मध्यावर निम्मा आकडा नसल्याने ती फसवते, हा आक्षेप खरा; म्हणूनच अपारदर्शकतेच्या ० ते १०० ला ती लावू नये. गिंप या चित्र-सॉफ्टवेअरने २०१२ मध्ये, २.८ या आवृत्तीत, वेगळी वाट धरली: पट्टीच्या वरच्या भागात थेट झेप, खालच्या भागात बारीक बदल. युक्ती नामी, पण ती सुचवायला बदलत्या कर्सरखेरीज काही नव्हते, आणि कर्सरकडे बघतो कोण! आकडा सरळ टाइप करा, असे काहीजण म्हणतील. पेनाने रंगवणाऱ्याने दर वेळी हातातले काम टाकून कीबोर्डकडे का वळावे? त्यापेक्षा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची रीत बरी: शिफ्ट दाबून ओढले की बदल बारीक होतो, आणि नेमका आकडा हवाच असेल तर त्याच चौकटीत लिहिता येतो.