बिनतारी पहारेकरी : आधीं दिवा, मग वर्दी

हालचाल ओळखून वर्दी देणारें बिनतारी उपकरण, ज्यास बाजारांत मोशन सेन्सर म्हणतात, तें आतां शहरांतील सदनिकांपुरतें राहिलेलें नाहीं. मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या पडवींतहि तें दिसूं लागलें आहे. कोणी मोटारीच्या केबलीच्या चोरीस कंटाळून तें घेतो, कोणी गोठ्यापाशीं रानजनावराची भीति म्हणून घेतो, तर कोणाचा शहरांतला मुलगा दिवाळीस येतांना तें भेट म्हणून आणतो. आमचा या उपकरणास विरोध नाहीं. उलट, तें नीट बसविल्यास शहरापेक्षां मळ्यावरील घरींच अधिक उपयोगी पडेल असें आमचें मत आहे. परंतु ज्या रीतीनें तें विकलें व बसविलें जातें, ती रीत मळ्यावरील घरास लागू पडत नाहीं. तेवढ्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

आम्हांस हें शहाणपण फुकट मिळालेलें नाहीं. आमच्या मळ्यावर गोठ्याच्या दाराशीं असा एक सेन्सर आणि अंगणांत एक दिवा बसविला होता. हालचाल झाली कीं दिवा लागावा आणि फोनवर वर्दी यावी, अशी योजना होती. पहिला महिना सर्व यथास्थित चाललें. पुढें पावसाळ्यांत एके रात्रीं वीज होती, पण इंटरनेट बंद पडलें. सेन्सरचा निरोप आधीं शेंकडों कोस दूर असलेल्या कंपनीच्या संगणकाकडे जाणार, आणि तेथून हुकूम परत आला म्हणजे आमच्या अंगणांतला दिवा लागणार, अशी ती रचना होती. हें आम्हांस तोंपर्यंत ठाऊक नव्हतें व विकणाऱ्यानेंहि सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं दिवा लागला नाहीं, फोन वाजला नाहीं. सकाळीं इंटरनेट परत आलें, तेव्हां सर्व उपकरणें सुरळीत असल्याची हिरवी खूण फोनवर दिसली. गोठ्यांतली शेळी मात्र रात्रींच गेली होती.

तेव्हांपासून आमचा एक नियम झाला आहे, आणि तोच आम्ही वाचकांपुढें ठेवतों : सेन्सरनें आधीं दिवा लावावा, मग वर्दी द्यावी. जुन्या काळीं गांवचा जागल्या रात्रीं आरोळी देई, ती घरांत निजलेल्या धन्यापेक्षां बाहेर आलेल्या चोराच्या कानीं पडावी म्हणून. फोनवर आलेली वर्दी फक्त धन्यास कळते, आणि तीहि तो जागा असेल तर. दिवा धन्यास, शेजाऱ्यास व आलेल्या चोरास एकाच क्षणीं कळतो. ज्या उपकरणाचा दिवा परगांवच्या हुकमावांचून लागत नाहीं, तें कितीहि महाग असलें तरी मळ्यावर घेऊं नये.

हा प्रश्न केवळ केबलीचा वा शेळीचा नाहीं. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर, आंबेगांव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या शेतांत बिबट्यांनीं घर केलें आहे. ऊस वर्षभर व त्याहूनहि अधिक काळ उभा असतो, त्यांत त्यांस आडोसा मिळतो व त्यांचीं पिलेंहि तेथेंच जन्मतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथें वनखात्याचें बिबट्यांचें निवारा केंद्र आहे, यावरूनच तेथील परिस्थितीची कल्पना येईल. अशा भागांत रात्रीं अंगणांत उतरणारें म्हातारें माणूस, शौचास निघालेलें मूल, किंवा जेथें शेतीची वीज अद्याप रात्रपाळीनें मिळते तेथें मोटार सुरू करण्यास निघालेला शेतकरी, यांस बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं अंगण दिसलें पाहिजे. दिव्यानें बिबट्या पळेलच अशी हमी कोणी देऊं नये. परंतु अंधारांत दार उघडणें आणि उजेडांत दार उघडणें यांत कधीं कधीं जिवाचें अंतर असतें.

आतां या पहारेकऱ्याचा स्वभाव सांगतों. कारण तो न ओळखतां त्यास कामावर ठेवणें म्हणजे पैसा वायां घालविणें होय. मनुष्याच्या व जनावराच्या अंगांतून उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. सुमारें १० मायक्रोमीटर लांबीच्या त्या लहरी आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत. सेन्सरच्या पुढें जो पांढुरका प्लॅस्टिकचा घुमट असतो, तो हे किरण आंतल्या एका बारीक चकतीवर आणून सोडतो. त्या चकतीचे दोन भाग असतात. एका भागावरील उष्णता दुसऱ्यापेक्षां निराळी झाली कीं कांहीं तरी हललें असें तो समजतो. त्यास रूप दिसत नाहीं. उष्णतेंतला फरक तेवढा कळतो.

यावरून बसविण्याचे नियम आपोआप निघतात. समोरून आडवें जाणारें माणूस त्यास चटकन कळतें, थेट अंगावर चालत येणारें उशीरा कळतें. म्हणून गोठ्याकडे येणारी वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशा बेतानें तो बसवावा. उंची जमिनीपासून २ ते २.४ मीटर ठेवावी. कांचेंतून हे किरण पलीकडे जात नाहींत. सबब खिडकीच्या आंत ठेवून अंगण राखण्याची आशा धरूं नये. समोर चूल, उन्हानें तापणारा पत्रा अगर पश्चिमेचें ऊन नसावें. नाहीं तर तो उगाच हाका मारील. घरांत लावण्यासाठीं बनविलेला सेन्सर उघड्यावर टिकत नाहीं. तो पडवीच्या छपराखालीं तरी असावा, किंवा पावसास टिकणारा प्रकार मागून घ्यावा.

उन्हाळ्याची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. माणसाच्या कातडीचें उष्णतामान साधारणपणें ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असतें. वैशाखांत विदर्भ-मराठवाड्याकडे भिंती सूर्य मावळल्यावरहि तितक्याच तापलेल्या असतात. मग अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांत फरक उरत नाहीं, व सेन्सर मंद होतो. हिवाळ्यांत चांगला चालला म्हणून निर्धास्त राहूं नये; मे महिन्यांत संध्याकाळीं त्याच्यासमोरून स्वतः चालून परीक्षा घ्यावी.

बिनतारी निरोपाचेंहि असेंच आहे. यांपैकीं पुष्कळ सेन्सर झिगबी नांवाच्या पद्धतीनें बोलतात. ही पद्धत २००४ सालीं ठरली. तिच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अल्पशक्तीनें वापरण्यास आपल्या देशांत २००५ सालापासून परवाना लागत नाहीं. सेन्सरचा निरोप घरांतल्या एका लहान डब्याकडे जातो, त्यास हब म्हणतात, आणि तो हब दिव्यास हुकूम देतो. परंतु आपल्या जुन्या वाड्यांच्या दगडी वा मातीच्या रुंद भिंतींतून या लहरी फार दूर पोंचत नाहींत. मध्यें विजेच्या बोर्डावर चालणारें त्याच जातीचें एखादें उपकरण, जसें प्लग, लावलें म्हणजे तें निरोप पुढें पोंचवितें. बॅटरीवरचे सेन्सर हें काम करीत नाहींत. हा मधला प्लग व हब हे दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर असावेत. नाहीं तर वीज जातांच पहाराहि जाईल. परदेशांतून कोणी झेड-वेव्ह पद्धतीचा सेन्सर आणल्यास डब्यावरील आंकडा पाहावा. अमेरिकेसाठींचा ९०८ मेगाहर्ट्झवर चालतो, भारतासाठीं ८६५ मेगाहर्ट्झचा ठरलेला आहे. एकाचा दुसऱ्याशीं संवाद होत नाहीं.

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाहीं. घरांतील शाळकरी मुलगीहि ती करूं शकेल. सेन्सरच्या बॅटरीवरील प्लॅस्टिकची पट्टी काढावी, हबला नवें उपकरण शोधण्यास सांगावें, आणि सेन्सरवरील बारीक बटण त्याचा लहान दिवा लुकलुके तोंवर दाबून धरावें. ओळख पटल्यावर त्यास ‘गोठा’, ‘मोटारघर’ असें जागेचें नांव द्यावें. मग नियम घालावा : सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हालचाल होतांच अंगणांतला दिवा लागावा, आणि तीन मिनिटें सर्व स्तब्ध राहिल्यास विझावा. शेवटीं सर्वांत महत्त्वाची परीक्षा घ्यावी. इंटरनेटची तार काढून टाकावी आणि गोठ्यापुढून चालावें. दिवा लागला तर उपकरण ठेवावें. न लागल्यास त्याच दिवशीं दुकानदारास परत करावें. आम्हीं ही परीक्षा घेतली असती तर आमची शेळी कदाचित् वांचली असती. हबचा कारभार घरच्याच संगणकावर चालविणारी होम असिस्टंट नांवाची विनामूल्य प्रणाली २०१३ सालापासून उपलब्ध आहे. घरांत कोणी संगणक जाणणारा असल्यास तिचा अवश्य विचार करावा.

बॅटरीविषयीं एक इशारा देतों. या सेन्सरमध्यें नाण्याएवढी ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती लहान मुलानें गिळल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजून निघूं शकते. जुनी बॅटरी कोनाड्यांत टाकून ठेवूं नये, आणि तसा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

आतां दुसऱ्या बाजूचा विचार. सेन्सर दूरच्या संगणकास निरोप देत असला, कीं आपलें माजघर रात्रीं किती वाजतां जागें झालें, घर किती दिवस निश्चल होतें, याची टांचणवही परक्याच्या घरीं तयार होते. कोणत्याहि चोरास अशी वही मिळाली तर हवीच असेल. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रणालीनें जगांतील लाखों घरगुती कॅमेरे व तत्सम उपकरणें ताब्यांत घेतलीं. कारण मालकांनीं कारखान्यांतून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता. तेव्हां पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि जेथें नुसत्या सेन्सरनें भागतें तेथें कॅमेरा लावूं नये. आपल्या देशांत खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला; परंतु एखाद्या व्यक्तीनें स्वतःच्या घरगुती कामासाठीं ठेवलेल्या माहितीस तो लागू होत नाहीं. अर्थात् आपल्या घरच्या बायामाणसांशीं व गड्यांशीं कसें वागावें हें कायदा सांगणार नाहीं, तें आपल्याच सभ्यतेवर सोपविलेलें आहे. सेन्सर कोठें लावला आहे हें त्या सर्वांस सांगावें. मजूर कितीदां उठला-बसला हें मोजण्याकडे त्याचा उपयोग करणें आमच्या मतें हलकेपणाचें आहे, व त्यानें शेतांतलें काम सुधारतें असेंहि नाहीं.

कोणी म्हणेल कीं, कुत्रें पाळलें म्हणजे झालें. कुत्रें अवश्य पाळावें. परंतु बिबट्याच्या मुलखांत पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. दुसरा कोणी म्हणेल कीं, ज्यांत सेन्सर आंतच बसविलेला असतो असा साधा दिवा मिळत असतां हा खटाटोप कशास ? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ज्यांचें अंगण लहान आहे व गोठा घरास लागून आहे, त्यांनीं तसा एक दिवा घ्यावा व स्वस्थ राहावें. बिनतारी सेन्सरची गरज जेथें पाहण्याची जागा एकीकडे आणि दिव्याची दुसरीकडे आहे तेथेंच लागते. गोठा शंभर पावलांवर आहे, मोटारघर बांधापलीकडे आहे, आणि घंटा मात्र ओसरीवर वाजली पाहिजे, अशा वस्तींत त्याचें मोल कळतें.

शेवटीं आमच्या संस्थेस एक विनंति आहे. बियाणें व खतें आपण एकत्र घेतों, तसे हे सेन्सरहि एकत्र घ्यावे. परंतु त्यापूर्वीं दोन-तीन सभासदांच्या वस्तींवर ते एक उन्हाळा व एक पावसाळा चालवून पाहावे. प्रत्येक गांवीं वायरमनचें काम करणारा एखादा होतकरू तरुण यांत तयार करावा, म्हणजे एका बॅटरीसाठीं तालुक्यास खेपा घालाव्या लागणार नाहींत. आणि शेजारच्या वस्तीचा दिवा अवेळीं लागलेला दिसल्यास आपण हाक द्यावी, असा ठराव सभासदांनीं आपसांत करावा. उपकरण दिवा लावील. त्या दिव्याकडे पाहून धांवून जाणारें माणूस मात्र आपल्यालाच व्हावें लागेल.