पडद्यावरचा पहिला अंधार

मे महिन्यात अकोल्यात दुपारच्या खेळाला शिरणाऱ्या प्रेक्षकाला पहिली पाच-सात मिनिटं धड काही दिसत नाही. बाहेर ४४-४५ अंशांचं ऊन, आत काळोख. डोळ्याला त्याची सवय सावकाशच होते. डोअरकीपरच्या बॅटरीमागे चाचपडत खुर्ची सापडेपर्यंत सिनेमा पुढे गेलेला असतो. कौटुंबिक चित्रपटात त्यानं बिघडत नाही. सासू खाष्ट आहे हे मध्यंतरापर्यंत तीनदा कळतं! विज्ञानपटाचं तसं नाही. त्याच्या जगात काय खरं मानायचं, हे तो सुरुवातीलाच आणि बहुधा शब्दांवाचून, केवळ प्रकाशातून सांगून टाकतो.

ही विद्या फक्त परदेशची, असं मात्र समजू नये. 'प्रभात'चा 'अमृतमंथन' (१९३४) विज्ञानपट नव्हे. पण कुणी न पाहिलेलं जग खरं वाटायला लावायचं, हा प्रश्न तोच. शांतारामबापूंनी सुरुवात केली ती चंडिकेच्या भक्तांच्या गुप्त बैठकीनं. हलत्या उजेडात नाचणाऱ्या सावल्या, खालून वर पाहत गोल फिरणारा कॅमेरा, आणि मग पडदाभर राजगुरूचा एक डोळा. छायालेखक केशवराव धायबर. कॅमेरा अगदी जवळ नेला तर त्याचीच सावली नटाच्या तोंडावर पडते, चेहराही वेडावाकडा दिसतो. म्हणून टेलिफोटो भिंग लावून तो डोळा दुरून टिपला. अशा भिंगात नट जरासा हलला तरी चित्र पुसट होतं. अमरावतीत एके काळी चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या होत्या, डबे तिथून गावोगाव जात. पण त्या डब्यांतला असा काळोख तंबूतल्या अशक्त दिव्यावर कितीसा उमटत असेल, कोण जाणे.

रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर'ची (१९८२) सुरुवातही डोळ्याची आहे. २०१९ सालचं लॉस एंजेलिस, आगीचे लोळ ओकणारी धुराडी, आणि ते लोळ एका बुबुळात उमटलेले. ते अफाट शहर म्हणजे एका दालनात मावणारी प्रतिकृती! तिला अंतर दिलं ते धुरानं. परतवाड्याच्या रस्त्यावरून सातपुडा निळसर, पुसट दिसतो म्हणून तो लांब वाटतो. इथे तेच गणित. हवा स्वच्छ ठेवली असती तर खेळणं ताबडतोब ओळखू आलं असतं.

हल्लीचे बरेच विज्ञानपट पहिल्याच दृश्यात लख्ख उजेड पाडून सगळी यानं, सगळी शहरं दाखवून मोकळे होतात. बँकेत कर्जप्रकरणं तपासताना एक अनुभव होता: मागितल्यापेक्षा जास्त कागद आणणाऱ्याचा अर्ज आम्ही दोनदा वाचत असू. हे सिनेमे पाहताना मला तशीच शंका येते.

पण सगळा दोष त्यांचा नाही. आपण घरी ट्यूबलाईट चालू ठेवून, शेवया खात, मोबाईलवर चित्रपट बघतो. उजेडातही दिसावं म्हणून चित्र भगभगीत करतो, तर काळोखाचा राखाडी चिखल होतो.

येत्या रविवारी नातवंडांना घेऊन स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) लावून पाहा. त्यात आदिमानवांच्या भागात एका बिबट्याचे डोळे विलक्षण चमकतात. मागचा माळ खरा नव्हेच. आफ्रिकेत काढलेली छायाचित्रं इंग्लंडमधल्या स्टुडिओत परावर्तक पडद्यावर समोरून टाकली होती. प्रोजेक्टरचा तो झोत बिबट्याच्या डोळ्यांत शिरून थेट कॅमेऱ्याकडे परतला. मुलांना ही चमक आधी सांगू नका. ट्यूबलाईट तेवढी बंद करा.