बांधकामाची चाहूल नकाशाच्या फाईलीत

अकोटात बांधकामाची तेजी आहे की मंदी, हे आपण सिमेंट-लोखंडाच्या दुकानातल्या गर्दीवरून आणि सकाळी कामाच्या शोधात उभ्या असलेल्या मजुरांवरून ठरवतो. ही लक्षणे खरी असली तरी उशिराची आहेत. व्यापारी संकुल उभे करायचे की वर्षभर थांबायचे, हा निर्णय त्याच्या कितीतरी महिने आधी आर्किटेक्टच्या टेबलावर झालेला असतो.

मालक आखीव पत्रिका आणि मोजणीचा नकाशा घेऊन येतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तळमजल्यावर गाळे किती निघतील? मग समोरच्या रस्त्याची रुंदी, सोडायची सामासिक अंतरे, पार्किंग आणि जिना यांचा हिशेब मांडला की मनात धरलेल्या गाळ्यांतले एक-दोन कमी होतात. नकाशा पुन्हा काढला जातो, अनेकदा तिसऱ्यांदाही. त्यानंतर नगर परिषदेची परवानगी, बँकेचे कर्ज आणि ठेकेदाराशी बोलणी. पहिल्या कॉलमचा खड्डा खणेपर्यंत सहज दोन हंगाम उलटतात.

आर्किटेक्टच्या टेबलावर आधीच कळणाऱ्या या गोष्टीचा अमेरिकेने पद्धतशीर उपयोग करून घेतला. तिथली वास्तुविशारदांची संघटना 1995 पासून आपल्या सभासदांना दरमहा साधा प्रश्न विचारते: गेल्या महिन्यापेक्षा तुमच्या कामाची बिले वाढली, घटली की तेवढीच राहिली? उत्तरांतून निघालेला निर्देशांक 50 च्या वर असेल तर वाढ, खाली असेल तर घट. व्यापारी बांधकामावरचा खर्च साधारण नऊ ते बारा महिन्यांनी त्याच दिशेने जातो, असा अनुभव आहे. 2008 च्या फेब्रुवारी-मार्चमध्येच हा आकडा 40 च्या आसपास कोसळला होता. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली सप्टेंबरात.

अकोटसारख्या गावाला अशा इशाऱ्याची गरज जास्तच आहे. इथल्या गाळ्यांमागे कापूस, संत्रा आणि केळीचा पैसा असतो. 19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. स्वस्त आयातीने कापसाचे भाव पडतील या धास्तीने त्या दिवाळीत किती मालकांनी नकाशाचे काम मध्येच थांबवले, हे गावात कुणीच आकड्यात सांगू शकत नाही. रेल्वेचेही तसेच. 2022 च्या नोव्हेंबरात अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. मेळघाटाला वळसा घालून हा मार्ग खंडव्याला जोडायचा आहे. तो जोडला जाण्याची खात्री व्यापाऱ्यांना वाटू लागली, की स्टेशनकडच्या प्लॉटवर काय बांधता येईल याची विचारणा सर्वांत आधी नकाशा काढणाऱ्याकडे होईल.

नकाशा काढला म्हणजे इमारत झाली असे नाही, हेही मान्य. मंजूर झालेली किती तरी कामे कर्जावाचून कपाटात पडून राहतात. म्हणून धंद्यातले लोक वर्किंग ड्रॉइंग आणि आरसीसीचे डिझाईन मागितले गेले की मगच काम पक्के धरतात. गावातले बरेच नकाशे परवानाधारक इंजिनिअर काढतात आणि मोठी कामे अकोला-अमरावतीच्या कार्यालयांत जातात, हीसुद्धा अडचण आहे. पण काम कोणीही केले तरी कायदेशीर बांधकामाची फाईल शेवटी नगर परिषदेतच येते. डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर राज्यभर परवानग्या ऑनलाइन होत गेल्या आहेत. मूळ नोंदी हाताशी असताना वेगळ्या पाहणीची गरज नाही.

त्यांतून तीन आकडे निघू शकतात: महिन्यात आलेले व्यापारी बांधकामाचे अर्ज आणि त्यांचे चौरस मीटर, जोत्यापर्यंत पोहोचलेली कामे आणि दिलेली भोगवटा प्रमाणपत्रे. अर्जांना इच्छा म्हणावी, जोत्याला निश्चय. या दोहोंतले अंतर वाढू लागले तर पैसा अडला आहे, हे वीटभट्टीवाल्याला पुढच्या हंगामाची उचल देण्याआधी कळेल. मेळघाटातून कामासाठी उतरणाऱ्या कोरकू मजुरांना आणि सेंटरिंगच्या प्लेटा कर्जाने घेणाऱ्या तरुणांना चुकीच्या अंदाजाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. नगर परिषदेलाही पाणी, नाल्या आणि पार्किंगची तयारी संकुल उभे राहण्याआधीच करता येईल.

मालकांची नावे जाहीर करण्याची काहीच आवश्यकता नाही, बेरजा पुरेत. मुख्याधिकाऱ्यांनी हे तीन आकडे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नगर परिषदेच्या सूचना फलकावर लावावेत आणि गावातल्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांनी वर्किंग ड्रॉइंगची एकत्रित संख्या त्यात स्वतःहून भरावी.